उत्सर्ग समिती आणि उद्योगांचा घातक कचरा

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा काळ म्हणजे मागे वळून कृतज्ञतेने पाहण्याचा आणि त्याच वेळी पुढील वाटेचा विचार करण्याचा काळ असतो. अशा मंगल प्रसंगी घातक कचऱ्यासारखा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काही जणांना आश्चर्य वाटेल. मंदिर, स्वाध्याय, दान, तप या विषयांच्या पंक्तीत कारखान्यातील गाळ, जुने ऑईल, बॅटरीतील आम्ल आणि कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या कशा बसणार? परंतु जैन आचारधर्माचा बारकाईने विचार केला, तर हा विषय बाहेरून आणलेला नाही असे दिसून येते. टाकाऊ वस्तू कोठे टाकावी आणि कशी टाकावी, हा प्रश्न जैन आचार्यांनी अनेक शतकांपूर्वीच धर्माच्या गाभ्यात आणून ठेवला आहे.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समिती सांगितल्या आहेत. ईर्या म्हणजे चालण्यातील सावधपणा, भाषा म्हणजे बोलण्यातील, एषणा म्हणजे आहार घेण्यातील, आदाननिक्षेपण म्हणजे वस्तू उचलण्या-ठेवण्यातील आणि पाचवी उत्सर्ग म्हणजे त्याग करण्यातील सावधपणा. हिलाच दिगंबर परंपरेत प्रतिष्ठापना समिती आणि श्वेतांबर परंपरेत परिष्ठापनिका समिती असेही म्हणतात. साधूने मल, मूत्र, कफ किंवा कोणतीही निरुपयोगी वस्तू टाकताना ती जागा आधी डोळ्यांनी पाहावी, ती जीवजंतुरहित आहे याची खात्री करून घ्यावी आणि कोणालाही पीडा होणार नाही अशा रीतीने ती वस्तू तेथे ठेवावी, असा हा नियम आहे. ‘फेकणे’ हा शब्दच त्यात बसत नाही. समिती हा मुनींचा आचार आहे हे खरे. परंतु मुनींच्या महाव्रतांचीच छोटी रूपे श्रावकाची अणुव्रते होत. म्हणून पाचव्या समितीचीही श्रावकाच्या दुकानात, गोदामात आणि कारखान्यात काही छाया पडलीच पाहिजे.

दुसरे उदाहरण तर प्रत्येक घरातील आहे. पाणी गाळून पिणे ही जैन कुटुंबाची ओळख. पण गाळण्यावर उरलेले जे जिवाणी, ते मोरीत झटकायचे नाही. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते हळुवारपणे परत पोहोचवायचे, असा जुन्या पिढीचा कटाक्ष होता. जे जेथून आले ते तेथेच सुरक्षितपणे परत गेले पाहिजे, हा त्यामागचा विचार. आजच्या कायद्यात ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ असे जे तत्त्व आले आहे, त्याचे बीज या घरगुती आचारातही दिसते. बॅटरी बनवणाऱ्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, ऑईल बनवणाऱ्याने वापरलेल्या ऑईलचा भार उचलावा, असे हे तत्त्व आहे.

घातक कचरा म्हणजे काय?

प्रत्येक कचरा घातक नसतो. परतवाडा हे सागवानाच्या बाजारपेठेचे गाव. आरा गिरणीतील कोऱ्या लाकडाचा भुसा हा घातक कचरा नव्हे. जिनिंगमधील सरकीची धूळ दम्याच्या रोग्याला त्रास देईल, पण कायद्याच्या व्याख्येत तीही घातक कचऱ्यात येत नाही. जो कचरा सहज पेट घेतो, जो त्वचा व धातू खातो, जो दुसऱ्या पदार्थाच्या संपर्कात येताच स्फोट किंवा विषारी वायू निर्माण करतो, अथवा जो अल्प मात्रेतही शरीराला विषासारखा बाधतो, तो घातक कचरा. यातील अखेरचा प्रकार सर्वांत फसवा होय. आग दिसते, आम्लाने हात भाजतो. पण शिसे, पारा, कॅडमियम हे धातू न दिसता, न दुखता शरीरात साठत राहतात.

भारतात १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. त्यात पुढे वेळोवेळी सुधारणा झाल्या. २०१६ मध्ये नव्याने लिहिलेले नियम लागू झाले. रुग्णालयांच्या कचऱ्यासाठी, बॅटऱ्यांसाठी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी स्वतंत्र नियम आहेत. कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती नियमांची भाषा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचण्याची.

भोपाळचा धडा

भोपाळ हे वऱ्हाडाला फार परके नाही. सातपुडा ओलांडून बैतूलमार्गे जाणाऱ्यांना तो रस्ता ठाऊक आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून सुटलेल्या वायूने हजारो माणसे मारली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या कारखान्याच्या आवारात मागे राहिलेल्या कचऱ्याची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. कारखाना बंद पडला, पण कीटकनाशकांचे अवशेष, दूषित माती आणि रासायनिक गाळ तेथेच राहिला. गोळा करून गोदामात ठेवलेला हा कचरा साडेतीनशे टनांच्या आत-बाहेर होता. एवढ्याशा कचऱ्याला देशात जागा मिळेना.

या कथेत विदर्भाचेही एक पान आहे. २०११ मध्ये हा कचरा नागपूरजवळच्या बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचा आदेश झाला. नागपूरकरांनी आणि महाराष्ट्र शासनाने विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. त्यानंतर जर्मनीला पाठवण्याचा विचार झाला, तोही बारगळला. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे दहा टनांची चाचणी झाली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने कठोर शब्दांत मुदत घालून दिल्यावर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरमधून सुमारे ३३७ टन कचरा बंदोबस्तात पिथमपूरला निघाला. तेथेही लोक रस्त्यावर उतरले. जून २०२५ अखेर तो जाळून संपला. पण जळून उरलेली राख कोठे पुरावी, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहिला. शिवाय हा झाला फक्त गोळा केलेला कचरा. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, २०१० च्या अहवालात कारखान्याच्या आवारातील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन असा दिला होता.

येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बांधून ठेवलेला कचरा ३३७ टन; मातीत मिसळू दिलेला ११ लाख टन. विष जोपर्यंत पिंपात आहे तोपर्यंत त्याचा हिशेब करता येतो. ते एकदा जमिनीत उतरले की जमीनच कचरा होते. घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे.

पायथ्याचे पाणी

“आमच्या गावात कोठे रासायनिक कारखाने आहेत? आमचा कचरा तो केवढा?” असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे विचारला जाईल. त्याचे उत्तर परतवाड्याच्या भूगोलात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यासह अंजनगाव, चांदूर बाजार, मोर्शीच्या बाजूने दगडगोटे, वाळू आणि माती यांचा एक पट्टा पसरलेला आहे. डोंगरावरून वाहत येणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेला हा गाळ. भूजलशास्त्रात त्याला ‘बझाडा’ म्हणतात. या पट्ट्यात पावसाचे पाणी झपाट्याने जिरते आणि खालच्या विहिरींना पोसते. दक्षिणेकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा सुरू होतो. तेथील शेतकरी गोड्या पाण्यासाठी तळमळतो. म्हणजे परतवाडा परिसराला निसर्गाने गोड्या पाण्याच्या माठाच्या तोंडाशी बसवले आहे.

ज्या जमिनीत पाणी लवकर जिरते, तिच्यात विषही लवकर जिरते. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठावर ओतलेले काळे ऑईल पावसाळ्यात वाहून जाते म्हणजे नाहीसे होत नाही. ते पुढे कोणाच्या तरी संत्राबागेत, कोणाच्या तरी विहिरीत, आणि शेवटी पूर्णेत पोहोचते. एका लिटर वापरलेल्या इंजिन ऑईलने दहा लाख लिटरपर्यंत पाणी खराब होऊ शकते, असे मानले जाते. एखाद्या गॅरेजमध्ये आठवड्याला वीस लिटर ऑईल निघते असे धरले, तर वर्षाला हजार लिटर होते. अशी पंचवीस गॅरेजे धरली, तर पंचवीस हजार लिटर. ‘केवढा’ या शब्दाचा अर्थ गुणाकारानंतर बदलतो.

व्यवसायपरत्वे विचार

आता एकेका व्यवसायाकडे वळणे उचित ठरेल.

प्रथम कृषी सेवा केंद्र. कापूस आणि संत्रा यांच्या या प्रदेशात कीटकनाशकांची विक्री हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये ‘विषवाणिज्य’ सांगितले आहे. त्यामुळे हा विषय काहीसा नाजूक आहे. कोणाचे दुकान बंद पाडण्यासाठी त्याचा उल्लेख येथे केलेला नाही. परंतु २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, हे विसरता येत नाही. विष विकणाऱ्याची जबाबदारी पावती फाडल्यावर संपत नाही, एवढे तरी त्या घटनेने शिकवले. रिकामी बाटली तीन वेळा पाण्याने खळबळून धुवावी, ते धुवण फवारणीच्या टाकीतच ओतावे, बाटलीला भोक पाडून ती पुन्हा वापरण्यास निकामी करावी आणि धुरा, नाला किंवा विहिरीजवळ टाकू नये, हे शेतकऱ्याला सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. त्याच बाटलीत पुढे घरी तेल किंवा रॉकेल भरले जाते आणि लहान मूल ती तोंडाला लावते, अशा दुर्घटना ग्रामीण भागात घडतात. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकाम्या वेष्टनांच्या विल्हेवाटीचे कलम आहे. मुदत संपलेला माल तर शेतात पुरणे किंवा जाळणे सर्वथा वर्ज्य. तो कंपनीकडेच परत गेला पाहिजे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. अशा बंदी आलेल्या औषधांचा एखादा जुना डबा कोणाच्या गोदामात उरला असेल, तर तो लपवण्याऐवजी उजेडात आणणे हाच खरा धर्म.

दुसरा व्यवसाय बॅटरी आणि गॅरेजचा. इन्व्हर्टरच्या आणि गाडीच्या बॅटरीत निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, सोबत गंधकाम्ल. शिसे पुनःपुन्हा वितळवून वापरता येते. म्हणूनच जुन्या बॅटरीला किंमत आहे. दोष पुनर्वापरात नाही, तो पद्धतीत आहे. बॅटरी हातोड्याने फोडून आम्ल नालीत ओतणे आणि शिसे उघड्या चुलीवर वितळवणे, या कामात होणारी विषबाधा प्रथम त्या कामगाराच्या मुलांना होते. कारण लहान मुलाचे शरीर शिसे अधिक शोषून घेते आणि त्याचा परिणाम थेट बुद्धीवर होतो. २००१ पासून बॅटरी परत घेण्याचे नियम आहेत आणि २०२२ मध्ये ते अधिक कडक झाले. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच द्यावी. वापरलेले ऑईल झाकणबंद पिंपात, पाणी, रॉकेल किंवा थिनर न मिसळता साठवावे; अशा शुद्ध स्थितीतील ऑईल पुन्हा शुद्ध करणारे अधिकृत कारखाने विकत घेतात. भेसळ झाली की ते जाळण्याखेरीज दुसऱ्या कामाचे राहत नाही.

तिसरा व्यवसाय सराफ्याचा. सोन्याच्या शुद्धीकरणात वापरलेले तेजाब, त्यातून निघणारे पिवळसर-तपकिरी धूर आणि उरलेले तांबेयुक्त हिरवे-निळे पाणी नालीत सोडण्याची रीत कित्येक ठिकाणी आहे. ‘केडीएम’ हा शब्द ग्राहकाला शुद्धतेची खूण वाटत आला. पण त्यातील कॅडमियमचा धूर डाग देणाऱ्या कारागिराची फुप्फुसे आणि मूत्रपिंडे पोखरतो, हे फार उशिरा लक्षात आले. आम्लयुक्त पाणी चुन्याने किंवा सोड्याने शांत करून, खाली बसलेला धातूचा गाळ वेगळा ठेवून तो अधिकृत व्यवस्थेकडे द्यावा. कारागिरासाठी धूर ओढून नेणारी व्यवस्था करणे हा खर्च नव्हे, ते अभयदान आहे.

चौथे क्षेत्र दवाखान्यांचे. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी या चार रंगांची विभागणी २०१६ च्या नियमांत दिली आहे. पिवळ्या पिशवीत शरीराचे अवयव, रक्ताळलेला कापूस व मुदत संपलेली औषधे, लाल पिशवीत नळ्या व सलाईनचे प्लॅस्टिक, पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांहून अधिक काळ ठेवता येत नाही. धर्मादाय संस्थांसाठी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हे नियम फक्त मोठ्या रुग्णालयांना लागू नसून रक्तदान शिबिर, लसीकरण शिबिर आणि शस्त्रक्रिया शिबिर यांनाही लागू आहेत. ज्या सुईने पुण्यकर्म झाले, तीच सुई दुसऱ्या दिवशी सफाई कामगाराच्या हातात रुतली तर त्या पुण्याचा हिशेब कोणी करावा?

पाचवे क्षेत्र कापडाचे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापड उद्योग उभा राहिला आहे. रंगाईच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केल्यावर जो गाळ उरतो, त्यात रंगद्रव्ये आणि धातू एकवटलेले असू शकतात. पाणी स्वच्छ करणे म्हणजे विष नष्ट करणे नव्हे. ते पाण्यातून काढून गाळात आणणे आहे. म्हणून गाळाची विल्हेवाट हा त्या प्रक्रियेचा शेवट आहे, तिची अडगळ नव्हे.

भंगार आणि अंधार

आपल्याकडे कोणतीही अडचणीची वस्तू भंगारात गेली की ती संपली असे मानण्याची सवय आहे. दोन घटना या समजाचे निराकरण करण्यास पुरेशा आहेत. तामिळनाडूतील कोडाईकनाल येथील थर्मामीटरच्या कारखान्यातील पाराभरल्या काचेचा कचरा २००१ मध्ये गावातील भंगारवाल्याच्या आवारात उघडपणे पडलेला आढळला. कारखाना बंद झाला आणि २००३ मध्ये सुमारे २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेला पाठवावा लागला. दुसरी घटना २०१० ची. दिल्ली विद्यापीठातील कित्येक वर्षे न वापरलेले एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडले गेले, एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेक जण भाजले. विकणारे सुशिक्षित होते. तोडणाऱ्याला मात्र आपण काय तोडतो आहोत हे ठाऊक नव्हते.

रात्रीच्या अंधाराचीही अशीच गोष्ट आहे. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरमध्ये वालधुनी नदीत रसायने ओतली गेल्याने शेकडो रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून रासायनिक कचरा नाल्यात सोडला जात असताना विषारी वायू पसरला आणि शेजारच्या गिरणीतील सहा कामगार मृत्युमुखी पडले. टँकरवाल्याला दिलेली रक्कम अधिकृत विल्हेवाटीपेक्षा कमी असते, तेव्हाच तो कचरा कोठे जाणार हे कळलेले असते. ‘त्याने काय केले ते आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर कायदाही मान्य करीत नाही आणि कर्मसिद्धांतही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे ही तिन्ही कर्मबंधाची कारणे आहेत, हे जैन श्रावकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे अचौर्याचाही विचार व्हावा. विल्हेवाटीचा खर्च वाचवून जो पैसा गल्ल्यात राहतो, तो खरोखर कोणाचा असतो? शेजाऱ्याच्या विहिरीचे गोड पाणी त्याने न देता घेतले गेले. हे अदत्तादानच आहे; फक्त त्याची पावती फाडलेली नसते.

योग्य विल्हेवाट कशी होते?

महाराष्ट्रात घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. विदर्भासाठी नागपूरजवळचे बुटीबोरी हे केंद्र. तेथे आलेला कचरा प्रथम प्रयोगशाळेत तपासला जातो. जो जमिनीत सुरक्षित ठेवता येतो तो सिमेंट, चुना, राख यांत घट्ट बांधला जातो, जेणेकरून पावसाच्या पाण्यात त्यातील धातू विरघळू नयेत. मग तो विशेष खड्ड्यात जातो. या खड्ड्याच्या तळाशी चिकणमातीचा आणि जाड प्लॅस्टिकचा दुहेरी थर असतो, झिरपणारे पाणी गोळा करण्यासाठी नळ्या असतात आणि खड्डा भरल्यावर वरूनही तो बंद केला जातो. त्यानंतर अनेक दशके आसपासच्या भूजलाची तपासणी करीत राहावे लागते. जो कचरा जाळावा लागतो, त्यासाठी दोन कक्षांची भट्टी असते. दुसऱ्या कक्षात वायूंना सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानात ठेवून मग धुवून, गाळून बाहेर सोडले जाते. उकिरड्यावर वायर किंवा प्लॅस्टिक जाळताना एवढे तापमान कधीच मिळत नाही. म्हणून तेथे विष जळत नाही, उलट डायॉक्सिनसारखी नवी विषे तयार होतात. काही प्रकारचा कचरा सिमेंटच्या भट्ट्यांमध्येही नियंत्रित रीतीने वापरता येतो. चंद्रपूर जिल्ह्यात असे मोठे सिमेंट कारखाने आहेत.

ज्या उद्योगात असा कचरा निघतो, त्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावतीला आहे. कचरा पक्क्या फरशीवर, छताखाली, नाव लिहिलेल्या पिंपात ठेवावा. एक प्रकार दुसऱ्यात मिसळू नये. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तरी प्राणघातक क्लोरीन वायू तयार होतो. साधारणतः ९० दिवसांपेक्षा अधिक काळ तो साठवू नये. पाठवताना कचऱ्यासोबत जाणारा नोंदपत्रक भरावा आणि कचरा पोहोचल्याची प्रत परत आल्याची खात्री करावी. ती प्रत म्हणजेच पाचव्या समितीतील ‘पाहून ठेवणे’ होय.

ट्रस्टने काय करावे?

बुटीबोरी येथून सुमारे दोनशे किलोमीटर. एका सराफाचा दोन किलो गाळ किंवा एका दुकानातील पाच जुने डबे घेण्यासाठी कोणतीही गाडी येणार नाही, ही अडचण खरी आहे. लहान व्यावसायिक एकटा असतो म्हणून तो नालीकडे वळतो. पण तो एकटा राहू नये, हेच तर संघाचे प्रयोजन आहे. पन्नास वर्षांत ट्रस्टने समाजाला एकत्र येण्याची सवय लावली. ती सवय येथे उपयोगी पडावी. व्यापारी संघटना, डॉक्टरांची संघटना आणि नगर परिषद यांच्यासह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शनाखाली वर्षातून ठरावीक दिवशी अधिकृत संकलकांनाच गावात बोलावता येईल. ट्रस्टने स्वतः असा कचरा साठवू नये, कारण साठवण्यासाठीही परवानगी लागते आणि मंदिराचे आवार हे विषाचे गोदाम नव्हे. ट्रस्टने फक्त दिवस ठरवावा, यादी करावी आणि सर्वांना एका ठिकाणी आणावे.

त्यापूर्वी ट्रस्टने स्वतःच्या घरापासून आरंभ करावा. धर्मशाळेतील जुन्या इन्व्हर्टर बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूबलाईट, बंद पडलेले ध्वनिक्षेपक आणि संगणक, दवाखान्यातील मुदतबाह्य औषधे यांची नोंदवही ठेवावी आणि वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर तीही वाचून दाखवावी. किती दान आले हे समाज अभिमानाने ऐकतो. काय टाकले आणि ते कोठे गेले, हेही त्याने ऐकले पाहिजे.

या सर्वांहून श्रेष्ठ उपाय मात्र अपरिग्रहाचा. जो कचरा निर्माणच झाला नाही त्याला भट्टी लागत नाही, खड्डा लागत नाही, नोंदपत्रकही लागत नाही. शेतकऱ्याला आवश्यक तेवढेच औषध देणे, जास्त सूट मिळते म्हणून गोदाम न भरणे, दुरुस्त होणारी वस्तू न टाकणे, ही व्यापाराची जुनी शहाणपणाची रीत आहे आणि तीच कचऱ्याच्या शास्त्राची पहिली पायरी आहे.

मुक्तागिरीच्या यात्रेला जाताना यात्रेकरू परतवाड्यात थांबतात, येथले पाणी पितात आणि पुढे डोंगर चढतात. ते पाणी पुढील पन्नास वर्षेही तसेच निर्मळ राहावे. ट्रस्टच्या शतक महोत्सवाच्या वेळी जी पिढी या सभागृहात बसेल, तिला वारशात मंदिर मिळेलच. त्याबरोबर शुद्ध विहीरही मिळावी, एवढे दायित्व आजच्या पिढीने स्वीकारावे. पृथ्वीकाय, अप्काय, तेजस्काय, वायुकाय, वनस्पतिकाय आणि त्रसकाय या सहाही जीवनिकायांप्रती क्षमाभाव व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.

जय जिनेंद्र!